अडीचमधलं टिंब

तेवीस नंबरच्या पानावर २५ छापलं होतं. तिथे २.५ हवं होतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसात चहा घेताना मला ते दिसलं. अंक सोमवारीच पोस्टात पडला होता. मी कप खाली ठेवला आणि पुन्हा वाचलं. डाळिंबाच्या फुलांवर येणाऱ्या फुलकिड्यांसाठी औषध, एक लिटर पाण्याला २५ मिली. म्हणजे दहापट. एवढं औषध पडलं तर किडे मरतात, त्यांच्याबरोबर फुलं गळतात आणि पानंही करपतात. आणि दिवस नेमके बागांना फुलं धरायचे होते.

मी बारामतीतल्या एका शेती-मासिकात वीस वर्षं पानं लावते. मासिकाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. पानं लावणं म्हणजे आलेला मजकूर टाइप करायचा, चित्रं आणि चौकटी बसवायच्या आणि अंक छापखान्यात जाण्याजोगा करायचा. या कामाला डीटीपी म्हणतात. आमच्यातले बरेच जण छापून आलेला अंक लगेच उघडत नाहीत. उघडला की सगळ्यात आधी चूकच दिसते, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. मीही तीन दिवस उघडला नव्हता. एरवी या भित्रेपणाने कुणाचं काही बिघडत नाही.

खरं तर मी लगेच आमच्या संपादकांकडे, आबांकडे, धावायला हवं होतं. पण ते टिंब गेलं कुठे, हे कळल्याशिवाय मला उठवेना. ती चौकट मी एका जुन्या अंकातून उचलली होती. पूर्वी मराठी टाइप करायला दर कंपनीचा फॉन्ट वेगळा असायचा. आता सगळं युनिकोडमध्ये चालतं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तशीच दिसतात. जुना मजकूर नव्यात आणायला कन्व्हर्टर नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो जोडाक्षरं मोडतो, रफार उडवतो, हे मला पाठ होतं आणि तेवढं मी तपासलं होतं. तो आकड्यामधलं टिंबही खातो, हे मला त्या सकाळी कळलं. त्या चौकटीत अपूर्णांक एकच होता. जोडाक्षर मोडलं की डोळ्याला खुपतं. २५ मात्र दिसायला अगदी सज्जन दिसतं.

मग आबांच्या केबिनमध्ये गेले.

आबा म्हणजे आमचे प्रकाशक, संपादक आणि मालक, तिन्ही एकच. वय सत्तरीच्या पुढे. मूळचे इंदापूर तालुक्यातले. तरुणपणी एका शाळेत क्लार्क होते. गावातल्या लोकांना औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता येत नाही, हे बघून ते त्या माहितीचं मराठी करायला लागले. सायक्लोस्टाइल केलेला कागद बाजाराच्या दिवशी हातोहात वाटायचे. त्या कागदाचं मासिक झालं आणि नोकरी सुटली. मधली काही वर्षं अशी आली, की अंक पोस्टात न्यायला टेम्पो लागायचा. मंत्री ऑफिसात येऊन बसायचे. मग मोबाईल आले. आता सगळा अंक आबांच्या मारुतीच्या डिकीत मावतो. एवढ्या वर्षांची मिळकत म्हणाल तर ही मारुती, दोन खोल्यांचं ऑफिस आणि तालुक्यात कुठेही थांबलं तरी मिळणारा चहा.

त्यांनी चष्मा लावून पान बघितलं. मी ओरडा खायची तयारी करून उभी होते.

"प्रूफावर शेवटची सही कुणाची हाय?"

"तुमची. त्याच्या वर माझी."

"मग दोघांनी मिळून केलं म्हणायचं." त्यांनी अंक मिटला. "वैशाली, एक जरी बाग जळली असंल, तर पुढला अंक निघायचा न्हाय. मासिक बंद."

आबा उगाच बोलायचं म्हणून बोलत नाहीत. प्रामाणिकपणे सांगते, आधी माझ्या नोकरीचा विचार आला. बागेचा नंतर आला.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुरुस्ती टाकली. पण तिथल्या गुड मॉर्निंगच्या फुलांत आपली फुलं हरवतील, असं आबा म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग वर्गणीदारांची यादी काढून डाळिंबवाल्यांना फोन लावायला बसलो. दिवसभर आम्ही दोघं तेच करत होतो. दुपारपर्यंत मला एक गोष्ट चमत्कारिक वाटायला लागली. कुणीच घाबरत नव्हतं. एकाने विचारलं, कुठला अंक? दुसऱ्याने अजून वेष्टन काढलं नव्हतं. तिसरा म्हणाला, वाचलं की, चांगलं लिहिलंय. फवारलं का विचारलं तर म्हणाला, हो, परवाच. किती टाकलं? नेहमीएवढंच.

नेहमीएवढं म्हणजे किती, हे कोड्यात टाकणारं होतं. ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांना शुक्रवारी सकाळी गाठायला निघालो, तेव्हा मला भीतीपेक्षा त्याचंच कुतूहल जास्त होतं.

निमगाव केतकीला आबा ओळखीच्या कृषी सेवा केंद्रापुढे थांबले. औषधं, बियाणं, खतं विकणारं दुकान. दुकानदार चाळिशीचा, आबांना वाकून नमस्कार करणारा. मी त्याला पान दाखवलं आणि या आठवड्यात कुणी हे औषध जास्त नेलं का, असं विचारलं. तो हसला.

"मिली कोण मोजतंय मॅडम? दोनशे लिटरच्या बॅरलला अर्ध्या लिटरची एक बाटली. पाठीवरचा पंप आसंल तर दोन झाकणं. सगळ्यांचं ठरलेलं हाय."

मी मनात हिशोब केला. अडीच मिलीने दोनशे लिटरला बरोबर अर्धा लिटर होतो. म्हणजे त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या आकड्याने गेलं असतं तर एका बॅरलला दहा बाटल्या लागल्या असत्या. एवढं औषध कुणी विकतच घेतलं नसतं. माझा जीव भांड्यात पडला.

आबांचा मात्र पडला नाही. त्यांनी विचारलं, "मग अंकात आमी छापतो ते लोक कशाला वाचत्यात?"

"औषधाचं नाव वाचत्यात की आबा. नाव वाचून हितं येत्यात आन किती टाकायचं ते मला इचारत्यात."

तो हे कौतुकानेच म्हणाला. आबांनी गाडी काढली. पूर्वी एकदा त्यांनी अर्ध्या ग्रॅमचा घोळ निस्तरायला छापखाना सबंध दिवस थांबवला होता. ते मला आठवलं आणि त्यांच्याकडे बघवेना.

वरकुट्याला एक तात्या होते, अगदी पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. फोन लागत नव्हता, कारण तो नातवाकडे पुण्याला होता. त्यांनी डाळिंब काढून टाकून ऊस केल्याला किती वर्षं झाली, ते त्यांनाही आठवत नव्हतं. अंक मात्र येताच वाचतात. काय वाचता, म्हटलं, तर वाचकांची पत्रं. त्यात ओळखीचं कुणी निघतं, कोण जिवंत आहे ते कळतं. आबांनी त्यांच्याबरोबर चहा घेतला, हसले, बोलले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, बाग जळली नाही हे बरंच झालं, पण मासिक बंद करायला आता बागेची गरज राहिली नाही. मी काहीतरी समजूत घालायला गेले. ते म्हणाले, गप बस.

यादीत शेवटचं नाव कळसच्या मंदाताईंचं होतं. पन्नाशीच्या बाई. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, एक एकर डाळिंब त्या एकट्या बघतात. आम्ही गेलो तेव्हा त्या बागेतच होत्या. आबांचं नाव ऐकल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पण या-बसा म्हणाल्या नाहीत. सरळ वळून चालायला लागल्या. आम्ही मागे गेलो.

कडेच्या चार झाडांखाली फुलांचा सडा होता. पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. बाकीची बाग हिरवीगार, लालभडक फुलांनी भरलेली.

मंदाताईंनी शेडमधून दोन लिटरचा हातपंप आणि मेडिकलमधून आणलेली दहा मिलीची सिरिंज आणून आमच्यापुढे ठेवली. सुई काढलेली होती. नवीन औषध त्या आधी चार झाडांवर मारून बघतात, मग दोन दिवस थांबतात. बुधवारी संध्याकाळी मारलं होतं.

"दोन लिटरला पन्नास मिली. पाच येळा भरली ही. मला जास्त वाटलं व्हतं. पर तुमी छापलंय म्हटल्यावर आमी कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टिंबाची, कन्व्हर्टरची सगळी हकिगत मी मनात जुळवून ठेवली होती, त्यातला एक शब्द तोंडातून निघाला नाही. एवढंच म्हणाले की चूक माझी आहे, तिथे अडीच हवं होतं.

आबा एकेका झाडापाशी जाऊन उभे राहिले. एक गळलेलं फूल उचलून त्यांनी हातात धरलं. चार झाडांचं नुकसान भरून देतो म्हणाले. मंदाताई म्हणाल्या, फळं उतरतील तवा बघू. मग आबांनी त्यांना सांगून टाकलं, की एक जरी बाग जळली तर मासिक बंद करायचं ठरवलं होतं, आणि आता ते बंद करतो आहे.

मंदाताईंचा राग तोवर आवाजात नव्हता. आता आला.

"बंद करताय? मग ही चूक सुधारून छापणार कुठं?"

मंदाताई थांबल्या नाहीत.

"माझ्याकडं धा वर्साचे अंक हायेत. काय अडलं की मी जुनं काढून बघते. माझ्यावानी आनखी कोण बघत आसंल, तुमाला काय ठावं? तुमी घरी बसाल. हे पान तसंच ऱ्हाईल घराघरात, पंचवीस म्हणून."

आबा बांधावरच बसले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. माझ्याजवळ यादी होती, तिच्या पाठीमागे त्यांनी दुरुस्तीचा मजकूर लिहायला घेतला. दोनदा खोडला. मंदाताई आत जाऊन चहा घेऊन आल्या.

पुढचा अंक वेळेवर निघाला. दुरुस्ती पहिल्याच पानावर, मथळ्याच्या अक्षरात. सोबत एक सुटी चिठ्ठी, मागच्या अंकातल्या तेवीस नंबरच्या पानावर चिकटवायची. आता औषधाचं प्रमाण आम्ही तीन रकान्यांत देतो: लिटरला, पंपाला आणि बॅरलला. झाकणाचाही रकाना करू, असं मी सुचवलं होतं. आबा म्हणाले, दोन कंपन्यांची झाकणं सारखी नसतात, ते दुकानदारालाच छापू दे.

बहुतेक लोक आकडा वाचत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. जे वाचतात ते सिरिंजने मोजतात, हेही त्याच दिवशी कळलं. पानं लावताना मी या मोजणाऱ्यांनाच डोळ्यांपुढे ठेवते.

आता औषधांचं पान छापखान्यात जाण्याआधी मंदाताईंच्या मोबाईलवर जातं. त्यांनी होय म्हटल्याशिवाय आबा सही करत नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी तीन चुका काढल्या. दोन माझ्या होत्या. तिसरी आबांची होती, आणि ती चूकच नाही असं ते अजून म्हणतात. छापलं मात्र मंदाताईंनी सांगितलं तसंच.