मधला रकाना

कचऱ्याचा ढीग दिसला की सोनाजी वाव्हळे वाकायचे, मूठभर उचलून हुंगायचे आणि मालकाला विचारायचे, "ह्याला तुमी काय म्हणता?" मानवतच्या एका कारखानदार संघात ते शिपाई होते, मी टायपिस्ट. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. एका नावावरून वस्त्या पेटत होत्या, आणि आमच्या कार्यालयात वाव्हळ्यांचा चहाचा पेला बाहेर व्हरांड्यात वेगळा ठेवलेला असे. मीही त्याच कार्यालयात निमूट चहा प्यायले.

टपाल वाटत गिरण्या हिंडताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सरकीच्या टरफलांना तेलगिरणीवाला घाण म्हणे आणि ती पेटवून देई. वीटभट्टीवाला त्यांनाच भुसा म्हणे आणि जळणासाठी पार ताडकळसपर्यंत हिंडे. दोघांची कुंपणं लागून, पण एकाची 'घाण' म्हणजेच आपला 'भुसा', हे दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. वाव्हळ्यांनी एक जाड वही केली. प्रत्येक टाकाऊ मालाची सगळ्या धंद्यांतली नावं एकाखाली एक, आणि पुढे तीन रकाने: कशातून निघालं, काय मिसळलंय, कुणाला चालेल. त्या वहीच्या जोरावर भट्टीला टरफलं मिळाली, साबणवाल्याला तेलाचा गाळ.

"नाव एक असलं म्हणून माल एक न्हाई, ताई," ते मला सांगत. "मधला रकाना लय जपायचा."

मोठे अधिकारी यायचे ठरले, तेव्हा संघाच्या सचिवांना ती वही आठवली. स्वतःच्या नावानं पुस्तिका काढायची म्हणून त्यांनी ती मागवून घेतली आणि मला टाइप करायला दिली. पानावर मावत नाही, मधला रकाना गाळा, म्हणाले. वाव्हळे दारातूनच नको म्हणाले. शिपायानं कागद आणावेत, अक्कल शिकवू नये, असं त्यांना ऐकवण्यात आलं. मी मान खाली घालून रकाना गाळला. पुस्तिकेबद्दल सचिवांचा सत्कार झाला, त्या दिवशी वाव्हळे खुर्च्या मांडत होते.

महिनाभरात एका गवळ्याच्या चार म्हशी मेल्या. पुस्तिकेत नुसतं 'सरकी, जनावरांना चालते' असं होतं. त्यानं स्वस्तात घेतलेली सरकी पेरणीतून उरलेली, विषारी औषध चोळलेली निघाली. वहीत मधल्या रकान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: पेरणीची असेल तर औषध लावलेली, जनावरांना नको. पण वही सचिवांच्या कपाटात कुलपात होती, आणि चौकशीत ते शांतपणे म्हणाले, "यादी वाव्हळ्याची आहे." वाव्हळ्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी सचिवांचं वाक्य तसंच टाइप केलं. त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं.

तीन महिने मला स्वतःची चीड येत राहिली. शेवटी सगळं खरं लिहून, सही करून कागद त्यांच्या घरी नेला. त्यांनी उभ्यानंच वाचला आणि परत दिला.

"मला कशाला? त्या गवळ्याला द्या. त्याला अजून वाटायलंय, मीच मारली त्याची जनावरं."

मी गेले. गवळ्यानं कागद माझ्याकडूनच वाचून घेतला आणि विचारलं, "हे तुमी तवाच का न्हाई बोलल्या?" दुसऱ्या दिवशी त्या कागदाची एक प्रत संघात देऊन मी नोकरी सोडली. सचिवांचं काहीही वाकडं झालं नाही.

पुढं दोनेक वर्षांनी वाव्हळे गेले. गवळ्यानं स्वतःहून येऊन खांदा दिला. संघातर्फे सचिवांनी हार पाठवला होता. तो मी दारातच अडवला आणि आणणाऱ्याला सांगितलं, साहेबांनाच नेऊन घाल.