खडूस काकांची गाडी

चंदेरी रंगाची ती छोटी गाडी रस्त्यात कुठेही दिसली, की मला तो तपास आठवतो आणि नजर आपोआप नंबर प्लेटकडे जाते. त्या मॉडेलच्या गाड्या पुण्यात इतक्या आहेत, की त्यावरून टोमणे मारण्याचा माझ्या बायकोलाही आता कंटाळा आला आहे.

मी मूळचा सोलापूरकडचा. नोकरीची शेवटची वर्षं सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक म्हणून काढली. एका सकाळी हजेरी आटोपून केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज वाढले.

"गाडी तुमच्या नावावर नाही ना? मग मालकाला घेऊन या," अंमलदार सांगत होता.

"मालकच सापडत नाहीत, सर. फोन बंद आहे त्यांचा," एका मुलीचा आवाज.

"मग आधी त्यांना शोधा."

"ते तुमचं काम आहे ना, सर?"

उत्तर मला आवडलं. मी तिला आत बोलावलं. सोबत तिचे वडील होते. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेलं मुस्लिम कुटुंब, वडिलांचं शिवणकामाचं दुकान, घर धायरीत. मुलगी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात फार्मसी शिकत होती. धायरी शहराच्या एका टोकाला, लोणी काळभोर दुसऱ्या टोकाच्याही पुढे. बस बदलत जाण्यात सकाळची प्रॅक्टिकल बुडायची आणि हजेरीवरून कॉलेजनं तंबी दिली होती. म्हणून वडिलांच्या मागे लागून तिनं जुनी गाडी घ्यायला लावली. वाटेवरच्या दोन मैत्रिणी पेट्रोलचा वाटा देणार होत्या. महिनाभर सगळं सुरळीत चाललं आणि एका सकाळी इमारतीखालून गाडी गायब झाली.

"गाडी पसंत कुणी केली होती?" मी विचारलं.

"मीच."

हाताची घडी घालून उभे असलेले वडील तेव्हा पहिल्यांदा बोलले. "तेच तर, साहेब. मी सांगत होतो, हे तिचं काम नाही. म्हणाली, अब्बा, माझ्यावर सोडा. सोडलं. आता बास झालं. गाडी नाही तर ते कॉलेजही नाही. घराजवळ एखादा कोर्स करेल."

मुलगी रडली नाही, पण तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. गाडीपेक्षा मोठं काहीतरी तिच्या हातून निसटत होतं. मला तिची बाजू घ्यावीशी वाटली, पण पोलिसाला बाजू घेऊन चालत नाही. मी तिला गाडी कशी निवडली ते सांगायला सांगितलं.

तिनं सांगितलं ते ऐकून माझा उपनिरीक्षक वहीत लिहायचा थांबला. त्यालाही गाडी घ्यायची होती. नव्यासारख्या चकचकीत गाड्या तिनं आधीच बाद केल्या होत्या, कारण स्वस्तात मिळणारी चकाकी बहुतेक वेळा अपघातानंतरच्या रंगाची असते. जिचे सुटे भाग कुठल्याही गॅरेजात मिळतात, गल्लीबोळात वळते आणि पेट्रोल कमी पिते, अशी साधी पाच दरवाजांची गाडी तिला हवी होती. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या आमच्या भागातून विकल्या जात, म्हणून डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून खाली गाळ आहे का ते तिनं पाहिलं. मेकॅनिकला घेऊन ती सकाळी लवकर गेली. मालकानं आधीच इंजिन गरम करून ठेवलं, तर खोट कळत नाही. सर्व्हिसच्या नोंदी आणि विमा, दोन्ही तपासले.

"आणि चाव्या किती मिळाल्या?"

"एक. दुसरी मुलाकडे अमेरिकेत आहे म्हणाले. दिवाळीला आणणार होता."

"नाव ट्रान्सफर?"

"पुढच्या महिन्यात करून देतो म्हणाले."

"एवढं सगळं बघणारी मुलगी तू, आणि हे मान्य केलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, ते काका इतके खडूस होते, की खोटं बोलत असतील असं वाटलंच नाही."

बाहेरगावच्या वाचकांना हे विचित्र वाटेल. आमच्या सोलापूरकडे माणूस गोड बोलला, चहा पाजला, की लोक विश्वास ठेवतात. पुण्यात गोड बोलणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात. जो तुमचा पाणउतारा करतो, त्याला तुमच्याकडून काही नको असणार, म्हणजे तो सच्चा, असा इथला हिशोब. शनिवार पेठेतल्या या काकांनी मुलीला गाडीत बसण्याआधी चपला झटकायला लावल्या होत्या. बॉनेट जोरात आपटलं म्हणून मेकॅनिकला झापलं होतं. तिनं किंमत कमी करायला सांगितली, तेव्हा म्हणाले होते, "घासाघीस करायची असेल तर मंडई जवळच आहे. मेथी चांगली आली आहे."

घटनास्थळ पाहिलं. जमिनीवर काचेचा चुरा नाही, ओढून नेल्याची खूण नाही. गाडी चावीनं नेली होती. ती अमेरिकेतली चावी पुण्यातच असणार, एवढं तिथंच नक्की झालं. गुन्हा दाखल केला. शनिवार पेठेतल्या पत्त्यावर इमारत होती, पण काका तिथे राहत नव्हते. ते नेहमी खाली फाटकापाशीच भेटत. कागदावरचे खरे मालक, ज्यांचं नाव काका स्वतःचं म्हणून सांगत होते, ते कोथरूडचे एक प्राध्यापक निघाले. त्यांनी वर्षभरापूर्वी सगळ्या फॉर्मवर सह्या करून गाडी एका एजंटाला विकून टाकली होती. नाव बदललं की नाही, हे बघितलंच नव्हतं. वाहतुकीचे दंड मात्र त्यांच्याच फोनवर येत होते, आणि वाद नको म्हणून हा सज्जन माणूस ते मुकाट्यानं भरत होता! एजंटाचा नंबर अर्थातच बंद होता.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी खडूस काकांची हकिगत सगळ्या स्टाफला मुद्दाम तपशिलात सांगितली. पुण्यात प्रत्येक घरात कुणी ना कुणी जुनी गाडी शोधत असतं, हे मला ठाऊक होतं. आठवड्याच्या आतच एक हवालदार केबिनमध्ये आला.

"साहेब, माझ्या मेव्हण्याचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे. काल पेठेत गाडी बघून आला. खूश आहे एकदम. म्हणतो, मालक अस्सल आहेत, चपला झटकल्याशिवाय बसू देत नाहीत."

सापळा लावला. एक तरुण महिला शिपाई विद्यार्थिनी झाली, मी तिचा बाप झालो. पंच आणि तपास पथक साध्या वेशात रस्त्यापलीकडे थांबलं. आम्ही थोडे आधीच पोहोचलो. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा असे काका फाटकात आले आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "आपण लवकर आलात. मी वेळेवर येईन." आणि खरोखरच आत निघून गेले.

मला मनापासून हसू आलं. ते परत आल्यावर मी विचारलं, "गाडी चांगली आहे ना?"

"वाईट असती तर तुम्हाला फुकट दिली असती. बघा की, डोळे आहेत ना?"

"चालवून बघू का?"

"लायसन्स दाखवा आधी. आणि हॉर्न वाजवायचा नाही. गाडीत आहे म्हणून वाजवलाच पाहिजे, असा नियम नाही."

गाडी तशीच चंदेरी होती, पण नंबर वेगळा होता. चेसिस क्रमांक वाचायचा तर सीटखालचा गालिचा उचलावा लागला असता आणि काकांची नजर आमच्या हातांवरून हलत नव्हती. खरं सांगतो, माझी खात्री डळमळू लागली. हा माणूस खरोखरच कुणी सेवानिवृत्त सद्‌गृहस्थ निघाला, तर तो आयुक्तांकडे तक्रार करेल, शिवाय वर्तमानपत्राला पत्र लिहील, आणि त्या पत्रात माझ्या व्याकरणाच्या चुकाही काढील! मी शेवटचा प्रश्न विचारला.

"नावावर कधी करून द्याल?"

"होईल हो सावकाश," काका म्हणाले. "चालवा महिनाभर. कागद कुठे पळून जातात?"

तिथे ते सापडले. पुण्यात माझे घरमालक याच जातकुळीचे होते. माझ्या पाहुण्यांनी जिन्यात किती वेळ बोलावं, यावरही त्यांचं लक्ष असे. असा माणूस आपल्या नावावरची गाडी परक्याच्या हाती महिनाभर सोडेल? उद्या कुणाला ठोकली तर समन्स कुणाच्या दारात येईल, या विचारानं त्याला झोप लागणार नाही. तो आधी आरटीओत नेऊन उभा करेल, मग चावी देईल, वर त्याची पोचही मागेल. या काकांचा खडूसपणा चपलांवर खर्च होत होता, आणि जिथे खरा लागतो, तिथे नेमका आटला होता. मी ठरल्याप्रमाणे रुमाल काढून कपाळ पुसलं. पथक आलं, पंचांसमोर गालिचा उचलला. चेसिस क्रमांक धायरीच्या गाडीचाच होता.

ठाण्यात आणल्यावरही काकांनी भूमिका सोडली नाही. "चहा फार गोड आहे," म्हणाले. मी बिनसाखरेचा मागवला. माझा अनुभव असा आहे, की ठरवून गप्प बसलेल्या माणसाला गुन्ह्याबद्दल विचारू नये, त्याच्या कौशल्याबद्दल विचारावं. मी म्हटलं, "काम उत्तम करता. शिकलात कुठे?" चेहरा जरा सैल झाला. राहणारे हडपसरचे, एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी नाटकात काम करायचे. खाष्ट सासऱ्याची भूमिका त्यांचीच ठरलेली.

ओळखपरेड व्हायची होती, म्हणून मुलीला त्यांच्यासमोर आणता येत नव्हतं. मी तिच्या जबाबातलं एक वाक्य फक्त त्यांना सांगितलं. "ती म्हणाली, काका सारखे ओरडत होते. आमचे अब्बाही असेच बोलतात, म्हणून मला ते खरे वाटले."

काकांनी चष्मा काढला. तो पुसला. मग आवाज बदलला, पेठ गळून पडली. "साहेब, मला वाटलं, नुसतं मालक म्हणून उभं राहायचं आहे. गाडी परत कशी येते, ते मी विचारलं नाही."

"पण परत येते हे दिसत होतं ना?"

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. पण न विचारणं हासुद्धा गुन्ह्यातला सहभाग असतो, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी एजंटाचा ठिकाणा दिला.

एजंटानं लोणी काळभोरजवळ शेतातली एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती, त्या मुलीच्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला मी गाडीचा फोटो दाखवला.

"हाय की सायेब, हितंच असती," तो म्हणाला. "गाडी तीच हाय, पाट्या तेवढ्या बदलत्यात."

शेडमध्ये बनावट नंबर प्लेट, त्यांचे बनावट कागद आणि ती दुसरी चावी सापडली. एजंट संध्याकाळपर्यंत हाती लागला. मुलीच्या आधी आणखी दोघा विद्यार्थ्यांना हीच गाडी विकून त्यानं परत चोरली होती. ते दोघे बाहेरगावचे. गाडी नावावर नाही म्हणून तक्रार करायलाच घाबरले होते.

पोलीस कोठडीत एजंट पहिले दोन दिवस वकिलाचं नाव जपत बसला. पुरावे समोर मांडल्यावर बोलू लागला. मी त्याला एकच गोष्ट कुतूहलानं विचारली, तिचं उत्तर मात्र मला पुढे कामी आलं.

पुढचं काम कोर्टाचं होतं. आधीच्या दोघांना गाडी नको होती. आरोपीकडून जप्त केलेल्या रकमेतून त्यांचे पैसे देण्याचा आदेश झाला. प्राध्यापकांनी लगेच ना हरकत दिली आणि गाडी मुलीच्या ताब्यात देण्याची परवानगी मिळाली.

या तपासानं मला शिकवलं, की माणसाचा स्वभाव हा पुरावा नसतो, मग तो गोड असो की तिखट. जुनी गाडी घेणाऱ्या मुलामुलींना मी आजही सांगतो, इंजिनाइतकाच मालक तपासा. तो काय बोलतो ते सोडून द्या. दोन्ही चाव्या देतो का आणि तुमच्या आधी त्यालाच नाव बदलायची घाई आहे का, ते बघा. स्वतःच्या नावाची काळजी नसलेला मालक बहुतेक वेळा मालकच नसतो.

गाडी घ्यायला बापलेक दोघे आले. मुलीनं आधी कागद वाचले, मग सही केली आणि दोन्ही चाव्या घेऊन बाहेर गेली. वडील मागे थांबले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

"साहेब, खरं सांगा. यात पोरीची चूक किती?"

"कागदांच्या बाबतीत चुकली," मी म्हटलं. "गाडीच्या बाबतीत नाही. मी त्या एजंटाला विचारलं होतं, दर वेळी हीच गाडी का? म्हणाला, साहेब, बाकीच्या गाड्या मेकॅनिक नापास करतात. ही एकानंही नापास केली नाही. पहिल्या सेल्फला सुरू होते. तुमच्या मुलीनं निवडलेली गाडी इतकी चांगली आहे, की त्या चोरालाही तिच्यावाचून धंदा करता येत नव्हता."

ते हसले. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पहिल्याच सेल्फला. ते आवारात गेले, पुढचं दार उघडून मुलीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सकाळी किती वाजता असतं तुझं प्रॅक्टिकल? आता एकही बुडवायचं नाही."