नकाशा द्यायला आल्या होत्या

आमच्या पाणीखात्यात प्रत्येक नकाशाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात. पहिल्यावर लिहिलेलं असतं 'काढणार', दुसऱ्यावर 'तपासणार', तिसऱ्यावर 'मंजूर'. नकाशा काढणाऱ्याने पहिल्यात सही करायची, नकाशा विभागाच्या प्रमुखाने दुसऱ्यात आणि मोठ्या साहेबांनी तिसऱ्यात. ताईंनी सत्तावीस वर्षं पहिल्या चौकोनात सही केली. शहराच्या जमिनीखाली जेवढे पाइप आहेत तेवढे सगळे एकदा तरी त्यांच्या हाताखालून गेले असतील.

ताई त्यांना सगळेच म्हणत, वयाने मोठे असलेले मोठे साहेबसुद्धा. बाकी आम्ही सगळे साहेब. कोणी तक्रार घेऊन नकाशाच्या खोलीत आला, की समोर बसलेल्या ताईंना विचारायचा, "साहेब कुठायत?" ताई मान वर न करता म्हणायच्या, "कोणते हवेत? काम येणारे की न येणारे?" हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की आता त्यांना स्वतःलाही हसू येत नसे.

मी तिथे लागलो तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा होता, हात नव्हता. सरळ रेघ ओढायला मला ताईंनी शिकवलं. ट्रेसिंगवर शाई सांडली की मी घाबरून पुसायला जायचो आणि डाग आणखी पसरवून ठेवायचो. ताईंनी माझ्या हातातून बोळा काढून घेतला आणि ब्लेड दिलं. "वाळू दे आधी. मग अलगद खरवड. आणि एक लक्षात ठेव, कितीही सफाईने केलंस ना, तरी उजेडासमोर धरलं की खरवडलेलं दिसतंच." मला त्या अरे-तुरे करायच्या आणि मला ते आवडायचं. घरी माझी मोठी बहीणही मला असंच झापायची.

जो प्रमुख तेव्हा होता, तो भला माणूस होता. ताईंनी काढलेला नकाशा तो न बघता सही करायचा आणि आमचे नकाशे ताईंकडे पाठवायचा. "ताई, जरा नजर टाका." म्हणजे तपासायच्या ताईंनी, सही त्याची. शिवाय कोणी निवृत्त झालं की निरोपाचं कार्ड ताईंनी लिहायचं, अक्षर चांगलं म्हणून. पाहुणे आले की चहाचं ताईंनी बघायचं, कारण "बाईमाणसाचा हात लागला की शोभा येते." ही शोभा सत्तावीस वर्षं येत होती. कोणी वाईट वागत नव्हतं हो, हीच तर खरी गोची होती. वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं.

फील्डवर मात्र ताईंना कधी नेलं नाही. खात्याची जीप सकाळी निघे, साहेब लोक बसत, मी मागे बसे. एकदा ताईंनी विचारलं, "मी पण येऊ का? मी काढलेली लाइन बघायची होती." मोठे साहेब कळवळूनच म्हणाले, "ताई, तुम्ही? उन्हात, चिखलात? खड्ड्याशेजारी उभं राहणार? तिथे माणसं कसल्या शिव्या देतात! तुम्हाला तिथे उभं करायला आम्हाला लाज वाटेल." ताई म्हणाल्या, "मला नाही वाटणार." सगळे हसले आणि जीप निघाली. मीही त्यात होतो, आणि हसलोही होतो.

नेत नसत म्हणून ताईंनी दुसरी वाट काढली. पाइप जोडणारे फिटर पगाराच्या दिवशी ऑफिसात यायचे, त्यांना त्या खोलीत बोलावून घ्यायच्या. कुठला व्हॉल्व्ह रस्तारुंदीत हलला, कुठे नकाशा एक सांगतो आणि जमीन दुसरंच, हे सगळं विचारून घ्यायच्या आणि स्वतःच्या वेगळ्या प्रतीवर पेन्सिलने टिपून ठेवायच्या. त्या प्रतीला आम्ही 'ताईंचं घोंगडं' म्हणायचो, इतकी ती मळली होती.

मग ती हॉस्पिटलजवळची मोठी लाइन फुटली. भर दुपार, रस्त्यावर गुडघाभर पाणी, हॉस्पिटलच्या टाक्या रिकाम्या होत चाललेल्या. व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय काहीच करता येत नव्हतं आणि व्हॉल्व्ह सापडत नव्हता. मंजूर नकाशात तो जिथे दाखवला होता तिथे तीन खड्डे खणले, तिन्हींत नुसता मुरूम. शेजारच्या आमच्या पाणीचौकीवर ताईंचा फोन आला. मोठे साहेब म्हणाले, "ताई, आत्ता नको, आम्ही कामात आहोत." फोन ठेवला.

तासाभराने ताई स्वतःच आल्या. बसने. बगलेत घोंगड्याची गुंडाळी, पायात रोजच्या चपला. चिखल तुडवत त्या थेट खड्ड्यातल्या म्हाताऱ्या फिटरकडे गेल्या. "दादा, रुंदीकरणात तो भिंतीकडे सरकवला होता. तुमच्याच भावाने सांगितलंय मला. कोपऱ्यापासून अकरा फूट." मोठे साहेब काही बोलायच्या आत फिटर वर आला, पावलं मोजली आणि पहार मारली. दहाव्या मिनिटाला लोखंडाचं झाकण वाजलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब खरंच खूश होते. "आज ताईंनी आमची अब्रू वाचवली! आता यावर एक फक्कड चहा होऊन जाऊ दे, काय ताई?" आणि ताई, चिखलाने बरबटलेल्या, टपरीवरून नऊ चहा सांगून आल्या. मी डोळ्यांनी पाहिलंय.

परत निघताना जीपमध्ये आम्ही चौघं. पाचवी जागा रिकामी होती. मोठे साहेब म्हणाले, "ताई, दाटीवाटीत तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. बस आहेच ना?" ताई म्हणाल्या, "हो, आहे की."

आता लॉगबुकाचं सांगायला हवं. जीपचं एक लॉगबुक होतं. कोण, कधी, कुठे गेलं हे त्यात लिहायचं, आणि आमच्या खात्यात फील्डचा अनुभव म्हणजे त्या लॉगबुकातलं नाव. दुसरा पुरावा नाही. ड्रायव्हरला लिहायचा कंटाळा, म्हणून ते मी लिहायचो. त्या दिवशी लिहिताना मी विचारलं, "ताईंचं नाव घालू ना?" मोठे साहेब हसले. "त्या जीपमध्ये होत्या का? मग? हे जीपचं पुस्तक आहे, बसचं नाही." मी चार नावं लिहिली.

पुढच्या वर्षी प्रमुख निवृत्त झाला आणि त्याची जागा निघाली. ताईंची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काही मागताना पाहिलं. हेडक्लार्कच्या टेबलाशी जाऊन त्या म्हणाल्या, "मला ती जागा हवी आहे." मग मला म्हणाल्या, "खुर्चीचं नाही रे काही. एकदा त्या दुसऱ्या चौकोनात सही करून बघायची आहे. तपासते मी, नाव भलत्याचं, हे आता पुरे झालं." घरी त्यांचे मिस्टर म्हणाले होते, "उरलेली तीन वर्षं सावलीत बसून रेघा ओढ की, कशाला डोक्याला ताप?" मुलीने मात्र सांगितलं होतं, आई, पहिली सही केलीस की मला दाखव.

हेडक्लार्कने नियम वाचला. फील्डचा अनुभव आवश्यक. ताईंचा चेहरा पडला तसा तो म्हणाला, "एक नोंद असली तरी अर्ज टिकेल, ताई. पुढचं समिती बघेल." ताई एकदम उजळल्या. "एक आहे!" आणि माझ्याकडे वळल्या. "तूच लिहितोस ना? हॉस्पिटलच्या दिवसाचं आहे ना माझं नाव?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असेल की." त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मला नाही म्हणवेना, एवढंच त्याचं कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते कारण अर्धंच आहे. त्याच जागेला माझाही अर्ज होता आणि माझ्या नावावर एकशे बारा नोंदी होत्या.

मुलाखतीच्या दिवशी समितीत तीन पुरुष, मधल्या खुर्चीत मोठे साहेब. दार उघडंच होतं, मी बाहेरच्या बाकावर होतो, सगळं ऐकू येत होतं. घरचं सांभाळून जमेल का? मुलीचं लग्न वगैरे निघालं तर? हाताखालची माणसं ऐकतील का तुमचं? ताई सगळ्याला नीट उत्तरं देत होत्या. मग एकाने विचारलं, "फील्डवर कधी गेलात?" ताईंनी तारीख, वार, अकरा फूट, सगळं सांगितलं. "लॉगबुकात आहे," त्या म्हणाल्या.

लॉगबुक मागवलं. ते आत घेऊन जायचं माझ्या वाट्याला आलं. पान उघडलं. माझं गोल गोल अक्षर, चार नावं. ताईंनी ते पान समोरच्या बाजूने, उलटंच वाचलं. त्यांना नकाशे सगळ्या बाजूंनी वाचायची सवय होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नकाशात काही चुकलं की त्या जशा थांबून बघायच्या, तशा बघत होत्या.

समितीतल्या एकाने मला विचारलं, "त्या दिवशी या तिथे आल्या होत्या का?"

"आल्या होत्या," मी म्हणालो. "म्हणजे... नंतर आल्या."

मोठे साहेब खुर्चीत रेलून प्रेमाने म्हणाले, "अहो, आल्या होत्या तशा. नकाशा द्यायला. हो ना?"

खोलीत पंखा फिरत होता. एवढंच म्हणायचं होतं की, नाही साहेब, व्हॉल्व्ह त्यांनी शोधला. पाचच शब्द होते. मी म्हणालो, "हो."

जागा मला मिळाली. आयत्या बिळावर नागोबा, हे दुसऱ्या कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. निकालाच्या दिवशी चहाचं ताईंनीच बघितलं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी लॉगबुक घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "ताई, मी आता प्रमुख आहे. चौथ्या नावाखाली जागा आहे. तुमचं नाव लिहितो आणि शेजारी माझी सही करतो. मग आपण वर अर्ज करू." मला वाटत होतं की त्यांनी मला झापावं, पूर्वीसारखं, चांगलं दणकून.

त्यांनी पान दिव्यासमोर धरून पाहिलं. "शाई वेगळी दिसेल," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच त्रास होईल, साहेब. राहू द्या."

तुम्ही. साहेब. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी दिवसभर काढलेला नकाशा माझ्यापुढे सरकवला. पहिल्या चौकोनात त्यांची सही होती, बारीक आणि सरळ. दुसरा रिकामा होता. मी नकाशा तपासला नाही, त्यांच्या कामात तपासण्यासारखं कधी काही नसतं. त्या टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या, सहीची वाट बघत. मी सही केली.