बुत्रीच्या हातची चिलखतं

बुत्री मेंढपाळाची लेक. चामड्याची वादी वळायला ती बापाकडे शिकली आणि न्गोदुपशी लग्न करून ल्हासाला आली. न्गोदुप सरकारी चिलखतं दुरुस्त करी. नव्या वर्षाच्या मिरवणुकीत घोडेस्वार ती अंगावर चढवत. शेकडो लोखंडी पत्र्या, वादीने एकमेकींत ओवलेल्या. बाईचा हात लागला की लोखंडाचं बळ जातं, असं सगळे म्हणत, म्हणून बुत्री वाद्या वळून द्यायची आणि लांब बसायची.

उतारवयात न्गोदुपच्या डोळ्यांवर पडदा आला.

"पत्रीचं भोकच सापडत नाही गं," तो एकदा म्हणाला.

"मग सरक, म्हाताऱ्या," बुत्री म्हणाली आणि चिलखत मांडीवर ओढून घेतलं.

त्या वर्षीची सगळी चिलखतं तिनेच ओवली. मिरवणुकीच्या दिवशी मात्र तिला घास गिळेना. आणि नेमका एक घोडा उधळला. स्वार पाठीवर आपटला, दुसऱ्या घोड्याची टाप त्याच्या छातीवर पडली. लोखंडाचं बळ गेलं, बुत्रीला वाटलं, माझ्यामुळे पोरगं गेलं.

स्वार उठला, धूळ झटकली आणि घोड्यालाच शिव्या देत लंगडत चालू लागला. चिलखताची एकही पत्री ढळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराच्या कारभाऱ्यांनी न्गोदुपला बोलावलं. बुत्रीही मागोमाग गेली.

"या गाठी तुझ्या नाहीत," कारभारी म्हणाले.

न्गोदुपने मान खाली घातली. बुत्री पुढे झाली. "माझ्या आहेत, कुशोसाहेब. याला दिसत नाही. शिक्षा करायची तर मला करा."

कारभारी बराच वेळ चिलखत चाचपत राहिले.

"गेल्या वर्षी याच्या गाठी मिरवणुकीतच सुटत होत्या," ते हळूच म्हणाले. "याच्या बापानेही इथेच काम केलं. 'आता तू थांब' हे याला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून मीच वर्षभर टाळत होतो. बरं झालं बाई, तू मला यातून सोडवलंस."

"पण लोखंडाचं बळ?" न्गोदुपने चाचरत विचारलं.

"त्या पोराच्या छातीला विचार."

बुत्री तिथेच खाली बसली. कुणीतरी लोणी घातलेला चहा आणून दिला. तिने तो एका दमात संपवला, वाडगा पुढे केला आणि आणखी मागितला. मग सातूच्या पिठाचे दोन गोळेही खाल्ले. न्गोदुप तिच्या शेजारी बसून नुसता हसत होता.

पुढे कितीतरी वर्षं ती उजळ माथ्याने शस्त्रागारात बसून चिलखतं ओवत राहिली.