खालच्या दारावरचा पंजा

रक्ताचं मला काही वाटत नाही. मिरजेतल्या एका दवाखान्यात मी ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे. त्यामुळे पेसाहच्या सणाच्या दुपारी मटणवाल्या चाचांकडून डब्यात बोकडाचं रक्त आणलं, तेव्हा तोंडं वाकडी झाली ती मुलांची. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. गावात आमच्यातलं दुसरं घर मला तरी माहीत नाही, पण सण म्हणजे सण.

पद्धत अशी, की कोऱ्या कागदावर रक्तात बुडवलेला पंजा उमटवायचा आणि तो दारावर लावायचा. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाचाची. मोबाईल काढून घेतला तसे दोघांनी हात पाठीमागं लपवले. मग मी गोष्ट काढली. आणि गोष्ट सांगताना हात आखडता घेणं माझ्या स्वभावातच नाही. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजानं आमच्या लोकांना चाबकानं कसं फोडून काढलं, नदीचं रक्त कसं झालं, अंगाअंगावर गळवं कशी उठली, आणि शेवटी मृत्यूचा दूत घरोघर फिरून थोरली पोरं कशी मारत गेला. ज्या दारावर रक्त, तेवढं घर त्यानं सोडलं.

"मी पण थोरलाच की," थोरला म्हणाला.

"मग ठेव हात रक्तात. पंजा असला की तुला कोण हात लावतंय?"

"आणि नसला तर?"

"नसला तर गेलं ते पोरगं."

मुकाट्यानं हात पुढं आले. कागद दारावर चिकटवला, उरलेल्या रक्ताचा डबा मोरीत ठेवला आणि मी खजुराचा पाक आटवायला लागले.

दिवेलागणीला जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. खालच्या मजल्यावर कवठे महांकाळहून आलेलं कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा आणि माझा थोरला एका वर्गात, एका बाकावर. मी धावत उतरले तर त्या मुलाचा बाप माझ्या पोराची मानगूट धरून उभा. पायाशी रक्ताच्या पंजाचा फाडलेला कागद. पोराचा ओठ फुटलेला.

"करणी करताय व्हय आमच्यावर?" तो म्हणाला. "माझ्या दाराला रगत लावतंय तुमचं कार्टं. एकुलतं एक पोरगं हाय माझं."

माझं डोकं फिरलं. सरळ त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं माझा हात पिरगाळला, मी त्याच्या शर्टाची बटणं तोडली. त्याची बायको मध्ये पडली तर तिलाही एक बसली, माझीच. सांगायला लाज वाटते, पण त्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावं असंच मला वाटत होतं, आणि मी ढकललंही असतं.

"इचारा की तुमच्या पोराला," तो धापा टाकत म्हणाला, "का लावलं त्ये."

मी वळले. पोरगं रडत नव्हतं. ते त्यांच्या दाराकडं बघत होतं. तिथं कागदाचा एक कोपरा तेवढा चिकटून राहिला होता.

"तो पण थोरलाच आहे ना," ते म्हणालं. "त्यांच्या दारावर कुणी लावलंच नव्हतं."

ही भीती मीच त्याच्यात घातली होती.

मग त्यानं फुटलेल्या ओठावरून तळहात फिरवला, टाचा उंचावल्या आणि तो हात त्यांच्या दारावर दाबला. मी शिकवलं होतं तसा, बोटं पसरून.

त्या मुलाच्या बापानं हात उगारला, पण तो तसाच खाली आला. आईच्या मागून त्याचा मुलगा बघत होता. मी पोराला उचलून वर आणलं.

सण आठ दिवसांचा. आठही दिवस ड्यूटीला जाता-येता मी त्या दाराकडं बघत होते. डाग वाळून काळा पडला, पण कुणी पुसला नाही.