फॅक्टरिंगचा पहिला तास

सप्टेंबर २००४, मंगळवार संध्याकाळ, अमेरिकेत हर्नडनजवळचं कम्युनिटी कॉलेज. हजर: इंटरमीजिएट अल्जिब्राचे तरुण सर, विशीही न गाठलेली मुलं आणि तिशी उलटलेली मी. अकाउंटिंग शिकायचं तर आधी हा कोर्स पास होणं भाग होतं.

काल ऑफिसात व्हाइटबोर्ड पुसताना मार्करचा तो उग्र गोडसर वास आला आणि तो वर्ग आठवला.

सर आत आले तशी मी ताडकन उभी राहिले. "गुड इव्हनिंग, सर!" नागपूरच्या शाळेतली सवय. बाकी सगळे बसलेलेच. मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी काळजीनं विचारलं, "आर यू लीव्हिंग?"

कान तापले होते. "यस, सर," मी म्हणाले, नवा बाइंडर उचलला आणि खरंच बाहेर पडले. वर्ग सुटेपर्यंत कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिले.

माझा नवरा सुनील गाडी घेऊन आला. "काय मॅडम, काय शिकवलं?"

"फॅक्टरिंग."

"पहिल्याच दिवशी? सॉलिड, यार!" रस्ताभर त्याचा चेहरा फुललेला होता.

पुढच्या तासाला गेले, शेवटच्या रांगेत बसले, पासही झाले. तेव्हा उभं राहिल्याची लाज वाटली होती. आता निघून गेल्याची वाटते. सर नुसतं विचारत होते. मी खाली बसले असते तर संपलं असतं.

सुनील अजून पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, "ही पहिल्याच दिवशी फॅक्टरिंग शिकून आली!" मी चहा ओतत राहते. माझी बाकी सगळी कामं वेळेत होतात. त्याला खरं सांगायचं तेवढं राहिलंय.