माझा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर

"आजपासून या कंपनीत कोणाचाच कोणावर भरवसा नाही," नागपूरहून आलेले कॉम्प्युटरवाले साहेब हसत हसत म्हणाले. कारधा गावाच्या पुढे आमची राईस मिल आहे, तिच्या लॅबमध्ये मी तांदूळ तपासते. ओलावा किती, तुकडा किती, खडे आहेत का. मी कॉम्प्युटरवर पास केल्याशिवाय लॉट गेटबाहेर पडत नाही. साहेबांनी नव्या कारभाराचं नाव सांगितलं, झिरो ट्रस्ट. मालक असो की हमाल, मशीन दरवेळी विचारणार, तू कोण? आधी पासवर्ड, मग मोबाईलवर आलेला ओटीपी. तो टाकला की मशीन मानणार, तुम्ही म्हणजे तुम्हीच.

मला खरं तर बरं वाटलं होतं. आधी कोणीही माझ्या खुर्चीत बसून लॉट पास करायचं. आता माझ्या कामावर माझंच नाव राहील, असं वाटलं.

डोंबलाचं राहील! माझा ओटीपी यायचा नवऱ्याच्या फोनवर. नोकरीला लागले तेव्हा ऑफिसातल्या बाबूनं मोबाईल नंबर विचारला. मी माझा सांगायला लागले तर म्हणतो, "तुमचा नको जी म्याडम, मिस्टरचा द्या. बायांचे नंबर रिचार्ज नसला का बंद पडतेत." नवरा सोडायला आले होते, त्यांनी शेजारून सांगूनही टाकला. आमच्याकडे हे असंच चालतं. गॅस असो, बँक असो, पोरांची शाळा असो, बाईच्या नावापुढे नंबर माणसाचा. आमच्या मिलमध्ये कोणा बाईचा ओटीपी शेतात धानाच्या बांधीत वाजायचा, कोणाचा पानठेल्यावर, एकीचा तर सासऱ्याच्या खिशात. आणि पासवर्ड? ते आम्हा सगळ्या बायांचे मॅनेजरनंच बनवून दिले होते. "तुम्हाले नाही जमणार," म्हणे.

मग रोज सकाळी मी घरी फोन लावायची. "हो जी, आला का?" ते वाचून दाखवायचे. ते आंघोळीला गेले असले की मी समोर तांदूळ पसरून हात बांधून बसायची. बाबूला कितीदा म्हटलं, नंबर बदलून द्या. "करू ना जी, काय घाई आहे?" हेच उत्तर.

एक दिवस एक लॉट ओला निघाला. दाणा दाताखाली धरला तर कटकन तुटेना, मीटरही तेच सांगत होतं. मी लॉट अडवला. मॅनेजर येऊन म्हणाला, "थोडं अॅडजस्ट करा ना म्याडम, ट्रक उभा आहे." मी म्हटलं, आधी सुकवा. सुट्टी झाली तशी गेटवरच्या मशीनला कार्ड लावून बस पकडली.

काही दिवसांनी तोच लॉट परत आला. शिवलेले कट्टे उघडले तर कुबट वास, तांदळाला बुरशी. अवो माय, तो मिलच्या बाहेर गेलाच कसा? मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर माझं नाव होतं, पास करणारी मी! मी ओरडून सांगितलं, हे मी केलं नाही. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सिस्टीम खोटं बोलत नाही." चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलं. ज्या कामासाठी भांडले, त्याच कामावरून मला चोर ठरवलं.

घरी आले तर नवरा जेवत होते. मी सगळं सांगितलं. घास चावत चावत म्हणतात कसे, "हो, त्या दिवशी संध्याकाळी मॅनेजरसायबाचा फोन आला होता. म्याडमचा नंबर येईल तो सांगा म्हणे. मी सांगतला."

"अन् मले काहून नाही विचारलं?"

"अवो, एवढा मोठा सायेब मांगून राहिला, त्याले नाही म्हणू का?"

माझ्या अंगाची आग आग झाली. तोंडाला येईल ते बोलले मी. ते मात्र एकच धरून बसले, "घरची गोष्ट हापिसात सांगू नको. माझी इज्जत जाईल." माझी नोकरी जात होती, त्याचं काही नाही!

सांगितली. चौकशीत सगळ्यांसमोर सांगितली. गेटवरच्या कार्डाची वेळ पाहा, म्हटलं, मी बाहेर पडल्यावर लॉट पास झाला आहे. पाहिलं, तसंच निघालं. मॅनेजरला दुसऱ्या मिलवर पाठवलं. तिथंही तो मॅनेजरच आहे. मला कामावर घेतलं, पण वर ताकीद दिली, यापुढे ओटीपी घरात वाटत जाऊ नका. मी वाटला! तो माझ्या हातात कधी आलाच कुठं? शेवटी मीच अडून बसले. माझा नंबर आत्ता, माझ्यासमोर टाका, त्याशिवाय मी लॅबमध्ये पाय ठेवत नाही.

नागपूरचे साहेब आले, बाबू आला. साहेबांनी माझा नंबर टाकला. मशीन म्हणालं, बदलाच्या खात्रीसाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

साहेब माझ्याकडे पाहायला लागले, बाबू खाली मान घालून हसला. मी घरी फोन लावला.

"हो, आला आहे," नवरा म्हणाले. "पण कायले पाहिजे तुले?"

"मॅनेजरले विचारलं होतं का, कायले पाहिजे म्हणून?"

मग ते एकेक आकडा सांगायला लागले.